समुद्र की आपला तलाव? लांबची सुट्टी, जवळची सुट्टी : अनुभव लिहा

बांधावरची
परवा नणंदेच्या पोराने गोव्याहून घरच्या ग्रुपवर समुद्राचा व्हिडिओ टाकला. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा पाहिला अन् म्हणाल्या, "याले पलीकडचा काठच नाही का वो?" त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गोंदियाकडचा नवेगावबांध तलाव. तिथं कुठेही उभं राहा, पल्याड सात बहिणींचे डोंगर दिसतातच.

माझं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. आमची सुट्टी म्हणजे तोच बांध. खासरात, म्हणजे बैलगाडीत, तणस अंथरायची, त्यावर सतरंजी, त्यावर आम्ही सगळी चुलत-मावस पोरं. आबाजी सांगायचे की हा तलाव तीनशे वर्षांमागे कोहळी समाजाच्या कोलू पाटलाने बांधला, यंत्र नाही, सिमेंट नाही, मातीची पाळ. आम्हाला त्याचं काही नव्हतं, आम्हाला मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यात बसायचं असायचं.

लग्न झाल्यावर यांनी पुरीला नेलं. गोंदियाहून थेट गाडी आहे. पहिली मोठी लाट आली तेव्हा मी यांचा नाही, तिथल्या पांढऱ्या टोकदार टोपीवाल्या नोलियाचा, लोकांना समुद्रात सांभाळणाऱ्या कोळ्याचा, हात धरला. ते अजूनही ऐकवतात.

आता घरात वाद सुरू आहे की या उन्हाळ्यात लांब जायचं की इथंच कुठं. तुमचे अनुभव सांगा. फसलेले पण चालतील.

खसवाला कूलर
जवळच. विषय संपला.
मे मध्ये कोकणात गेलो होतो. राजे हो, इकडे ४५ असलं तरी घाम निघते अन् वाळते. तिकडे ३३ ला निघते अन् वाळतच नाही. रूमवाल्याला विचारलं कूलर आहे का, तर तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मी काय मागितलं. दमट हवेत कूलर चालत नाही हे मला तिथं जाऊन समजलं.

पऱ्हाटी
सुट्टी कधी काढायची ते आधी सांगा. जून पेरणी. मग डवरणी निंदण फवारणी. दिवाळीपासून कापूस वेचणं, मजूर भेटत नाही म्हणून घरचेच वावरात. तूर निघाली की चना. चना निघाला की लग्नं. राहिला मे, अन् मे मध्ये तर वरचे कूलर साहेब सांगून राहिले काय होते ते.
आमच्याकडं दोन म्हशी हायेत. समुद्रावर मी जाईन, म्हशी कोण पाहीन? तलावावर सकाळी दूध काढून जाता येते अन् संध्याकाळच्या धारेला घरी.

सिरोंचा लाइन
सगळे समुद्र म्हटलं की गोवा-कोकणच का धरता? नकाशा पहा जरा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, आपल्याला बंगालचा उपसागर जवळ आहे, अरबी लांब. आम्ही मंचेरियलला गाडी धरतो, विजयवाड्यावरून विशाखापट्टणम. नागपूर-गोंदियावाल्यांना समता एक्सप्रेस आहे रायपूरकडून.

तिथं बीचच्या कडेलाच कुरसुरा पाणबुडी ठेवलेली आहे, २००२ पासून लोकांना आत सोडतात. माझे बाबा सरपंच राहिलेले, उंचपुरे माणूस. आत शिरताना त्या गोल दारातून डोकं घालू की पाय घालू यातच त्यांची पाच मिनिटं गेली, मागं ही लाईन. आतमधी खलाशांचे बंक पाहून म्हणाले, "यापेक्षा आपली वावरातली राखणीची माचण बरी, निदान वारा लागते." समुद्राबद्दल घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत, पाणबुडी मात्र पूर्ण गावाला सांगितली.

मेहकरची पोट्टी
@सिरोंचा लाइन 😂😂 माचण!!

धामणगावचा
सिरोंचा भाऊ, तुमचं पूर्व विदर्भाचं झालं. आमच्या पश्चिमेकडच्यांना अरबीच सोयीचा. नागपूर-मडगाव गाडी आहे ना आठवड्यातून दोनदा, बडनेरा अकोल्यावरून जाते, बदलाबदली नाही. पण तिकीट आता ६० दिवस आधीच उघडते, पहिले १२० होते. म्हणजे फेब्रुवारीत ठरवून उपयोग नाही अन् एप्रिलमध्ये आठवण आली तर वेटिंग.

साधीच
मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिते.

जवळच्या सुट्टीचं सगळे गोडवे गाऊन राहिले. मला सांगा, जवळची सुट्टी कोणाची होते?

आमच्या घरी दरवर्षी धरणावर रोडग्यांचा बेत असतो. वीस-पंचवीस माणसं. आदल्या रात्रीपासून जाडं पीठ, वरणाची डाळ, मसाला वाटून डब्यात, वांगे, स्वयंपाकाचं मोठं गंज, ताटं, अन् गोवऱ्यांचं पोतं पण आम्हीच भरतो. तिथं पोहोचलं की पुरुष मंडळी पाण्यात, पोट्टे पाण्यात, अन् आम्ही सगळ्या जावा धुरात. रोडगा एका बाजूनं करपला की फिरवा, राख झटका, तुपात बुडवा, पंगतीला वाढा. शेवटी आमची पंगत बसते तोपर्यंत उन्हं कलली असतात अन् कोणीतरी ओरडते, "चला, अंधार पडते." तलाव मला अजून नीट आठवत नाही. धूर आठवते.

मागच्या साली भाऊजींच्या ओळखीनं आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. घरगुती राहण्याची सोय होती. सकाळी त्या काकूंनी हातात चहा दिला. मी उठून कप धुवायला गेले तर त्या म्हणाल्या राहू द्या. मी पायरीवर जाऊन बसले, समोर समुद्र, काही काम नाही. मोठी जाऊ शेजारी येऊन बसली, तीही गप्प. नवरे झोपलेले. जेवण कोणतं होतं ते विचाराल तर सांगते, नारळ फार, तिखट काही नाही, तिसऱ्या दिवशी माझ्या पिशवीतला ठेचा निघाला. पण वाढलं दुसऱ्यानं.

म्हणून मला लांबचंच पाहिजे. एवढं लांब की गंज सोबत नेता येत नाही.

रोवणी
साधीच ताई 🙏🙏🙏 सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या अन् म्हणाल्या खरं हाय.

खसवाला कूलर
आता मी काही बोलत नाही. घरी पण वाचून राहिले हा धागा.

बांधावरची
@साधीच, बैस इथंच, नुसती वाचू नको.
यांना तुझं लिहिलेलं दाखवलं. म्हणे, "मग यावेळी आम्ही रोडगे करतो." मी म्हटलं गोवरी पेटवून दाखवा आधी.

पऱ्हाटी
ताई तुमचं पटलं. पण म्हशीचं कोणी उत्तर नाही दिलं.

मेहकरची पोट्टी
लोणारबद्दल कोणी बोललंच नाही! बाहेरून कुठून कुठून लोक येतात ते विवर पाहायला, अन् आम्ही तासाभराच्या आत राहून शाळेच्या सहलीनंतर गेलोच नव्हतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ना, क्षार वाढून ते खाऱ्या पाण्यातले जिवाणू वाढले म्हणून, तेव्हा लॉकडाऊन. म्हणजे आमच्या बुढ्यानं ते अमेरिकेतल्या पुतण्यानं पाठवलेल्या फोटोत पाहिलं. 🤦‍♀️
नंतर गेलो तोपर्यंत रंग उतरला होता. खाली उतरायला बरं वाटते, चढताना जीव जाते. पाणी खारं आहे, क्षाराचा वासही येते, पोहण्यासाठी नाहीच ते. तिथल्या झऱ्याच्या धारेखाली मात्र हात-पाय धुतले, थंडगार. अन् मोर इतके की मोजणं सोडून दिलं.

वऱ्हाडी मिरची
म्हणजे खारं पाणी पाहायला कोकणात जायची गरज नाही, बुलढाण्यातच आहे 😄

वैनगंगाकाठ
जवळच्या पाण्याबद्दल माझं थोडं वेगळं आहे. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. आता त्याच पाण्यावर लोक बोटीत फिरतात, सेल्फी काढतात. राग नाही कोणावर. पोरंही म्हणाली बाबा चला, बसलो. बोटवाला पोरगा माहिती देत होता की इथं खोली इतकी तितकी. मी त्याला म्हटलं थोडं डावीकडं घे. तिथं आमच्या चावडीचा पिंपळ होता. त्यानं घेतली, काही विचारलं नाही. बहुतेक मी पहिलाच नसणार.
त्यानंतर दरवर्षी आम्ही लांबच जातो. पुरी, एकदा रामेश्वर. तिथल्या पाण्याखाली आपलं काही नाही.

साधीच
काका, काय लिहू कळत नाही.

सिरोंचा लाइन
दादा, आमचे सोयरे पण असेच उठले. पुनर्वसनाच्या गावात घरं पक्की आहेत, पण बुढी माणसं अजून जुन्या गावच्या नावानंच पत्ता सांगतात.

वैनगंगाकाठ
हो, आमची माय तेच करते. चालू द्या, धागा जड करायचा नव्हता.

धामणगावचा
काका, एक विचारू, विषय बदलतो. पुरीला पाण्यात नदीचा भाग येतो का? म्हणजे आपल्या नद्यांचं पाणी तिकडंच जाते ना.

वैनगंगाकाठ
पुरीला नाही, महानदी जवळ आहे तिथं. आपली वैनगंगा चपराळ्याला वर्धेला मिळते, पुढं प्राणहिता. ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते अन् गोदावरी आंध्रात राजमहेंद्रीच्या खाली उपसागरात. सिरोंचावाल्यांच्या दारातूनच जाते म्हणा.

वऱ्हाडी मिरची
अन् आमची पूर्णा तापीत, तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात. म्हणजे अकोल्यावाले पश्चिमेला अन् भंडाऱ्यावाले पूर्वेला, पाण्यानंच ठरवून दिलंय कोणी कुठं सुट्टीला जायचं. धामणगाववाले, तुमच्याकडून कोणतं पाणी जाते?

धामणगावचा
वर्धा. म्हणजे मी चुकीच्या गाडीचं तिकीट सांगून राहिलो का 😅

रोवणी
आमच्याकडं उन्हाळ्यात सुट्टी म्हणजे तेंदूपत्ता. पहाटे उठून जंगल, दुपारी पुडके बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पत्ता खरेदी करतात तिथं, नेऊन देणं. ते पैसे आले की मग पोरांचे कपडे-पुस्तकं. यंदा मोठ्या पोराला म्हटलं, पत्त्याच्या पैशातून तुला कुठं नेऊ? म्हणे इटियाडोह धरणावर. मी म्हटलं अरे ते तर इथंच आहे. म्हणे तिथं मामा येईन ना. त्याला मामा पाहिजे, पाणी कोणतंही.
शेवटी गेलो. मामानं झिंगे आणले होते. विषय संपला.

मेहकरची पोट्टी
झिंगे कसे करता? आमच्याकडं सुकटच येते, ताजे पाहायलाच भेटत नाही.

रोवणी
ताजे असले तर डोकं काढून धुवायचे, हळद-मीठ लावून ठेवायचे. कांदा-लसूण-लाल तिखट तेलात, टोमॅटो नको, आंबाडीचा पाला असला तर थोडा. पाणी घालायचं नाही, त्यांचं सुटते तेवढ्यात शिजतात. भातासोबत. पोळीसोबत खाणाऱ्यांशी मी भांडत नाही, पण पाहत पण नाही.

खसवाला कूलर
आंबाडी कायले, चिंच घाला.

रोवणी
चिंच तुमच्या मटणात घाला.

पऱ्हाटी
कोणी बोर धरणाला मुक्काम केला का? हिंगणी-सेलूकडून जायचं म्हणतो. पोट्ट्यांना वाघ पाहायचा आहे, बायकोला स्वयंपाक नको आहे (साधीच ताईंचं वाचल्यापासून), मला संध्याकाळी परत यायचं आहे.

वऱ्हाडी मिरची
तिन्ही एका दिवसात होत नाही भाऊ. वाघ तर सांगून येत नाही. धरणाजवळ राहायची सोय आहे, जेवण मिळते, आधी फोन करून जा. शनिवार-रविवार नागपूरची गर्दी असते.

पऱ्हाटी
मग मुक्काम करावाच लागते म्हणता. शेजारच्या काकांना म्हशीचं विचारतो. त्यांची अट आहे, दूध त्यांच्याकडं राहीन.

धामणगावचा
देऊन टाका ना दोन दिवसांचं दूध 😄

पऱ्हाटी
दूध द्यायला काही नाही हो, पण ती मोठी म्हैस अनोळखी हाताला पान्हा सोडत नाही. बघतो, उद्यापासून त्यांना बादली घेऊन सोबत बसवतो.