मदत हवी आहे: एजन्सीमार्फत कारखान्यात काम केलेल्यांना टीएए (परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठीची अमेरिकी सरकारची मदत) मिळतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही मिशिगनमध्ये असतो. माझे यजमान गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं तपासनीस होते. लाइन मेक्सिकोला हलवली आणि मे 2022 मध्ये सगळ्यांना घरी बसवलं. सहकाऱ्यांनी वेळेत अर्ज केला होता आणि कामगार खात्याने त्या कारखान्याला ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्सचं (म्हणजे टीएएचं) प्रमाणपत्रही दिलं होतं.

अडचण अशी, की यांच्या गळ्यातला बॅज कारखान्याचा, पण पगाराच्या स्लिपवर नाव एजन्सीचं. प्रमाणपत्रात कारखान्यात राबणारे एजन्सीचे कामगारही धरले आहेत, फक्त यांच्या एजन्सीचं नाव त्यात नाही. त्याच बाकावर शेजारी बसणाऱ्याचं शिक्षण सरकारी खर्चाने झालं आणि यांना काही नाही, हे मनाला फार लागतं.

1 जुलै 2022 पासून नव्या अर्जांची तपासणी बंद आहे, हे ठाऊक आहे. पण 30 जून 2022 पर्यंत नोकरी गेलेले आणि प्रमाणपत्रात बसणारे अजूनही पात्र ठरू शकतात ना? मग एजन्सीचं नाव आता जोडून घेता येतं का? राज्याच्या कार्यालयातून दोनदा वेगवेगळी उत्तरं मिळाली.

यांना सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचं प्रशिक्षण घ्यायचंय. वय 54, परत नोकरी गेली आहे. स्लिपा, बॅज, काढल्याचं पत्र सगळं जपून ठेवलंय. कुणी यातून गेलं असेल, किंवा कामगार कायद्याचा वकील ओळखीत असेल, तर कृपया सांगा. लेखी नकार मागावा का आधी?