मदत हवी आहे: आफ्रिकन अमेरिकन नमुन्यांत एपीओई जीनच्या ई४ प्रकारामुळे येणारा अल्झायमरचा धोका इतका कमी का दिसतोय?

अल्झायमरचा केस-कंट्रोल डेटा (रुग्ण आणि निरोगी यांची तुलना) आहे. नमुने सगळे आफ्रिकन अमेरिकन, ॲरे जीनोटायपिंग (चिपवर डीएनएतले ठरावीक बदल वाचणं) आणि त्यावर इम्प्युटेशन (न वाचलेले बदल संदर्भ नमुन्यांवरून अंदाजाने भरणं). ई३/ई३ (जीनच्या दोन्ही प्रती ई३) च्या तुलनेत ई३/ई४ चा ऑड्स रेशो (आजाराची शक्यता किती पट; १ म्हणजे फरक नाही) जेमतेम १ च्या वर येतोय. मॉडेलमध्ये वय, लिंग आणि पहिले ३ पीसी (वंशाचं मिश्रण टिपणारे प्रिन्सिपल कंपोनंट) आहेत. माझं काही चुकतंय की आकडा असाच असतो? ई४ सोडून आणखी काय बघू?

प्रतिसाद १
आकडा बघून घाबरू नका. १९९७ च्या मेटा-ॲनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांची एकत्रित मोजणी) आफ्रिकन अमेरिकनांत ई३/ई४ ला १.१ आणि ई४/ई४ ला ५.७ आला होता, गोऱ्यांत ३.२ आणि १४.९. नायजेरियात इबादानच्या योरुबांमध्ये ई४ भरपूर, पण सुरुवातीच्या अभ्यासांत आजाराशी संबंध फिकाच.

तरी आधी जीनोटाइप तपासा. ई२, ई३, ई४ ठरवणाऱ्या आरएस४२९३५८ आणि आरएस७४१२ या दोन मार्करांत जेमतेम १३८ बेसचं (डीएनएच्या अक्षरांचं) अंतर आहे. याच क्रमाने टी-सी म्हणजे ई३, सी-सी म्हणजे ई४, टी-टी म्हणजे ई२. पहिला मार्कर बऱ्याच ॲरेंवर नीट चालत नाही. तो युरोपीय पॅनेलवरून इम्प्यूट केला असेल तर आफ्रिकी हॅप्लोटाइपवर (एका गुणसूत्रावर एकत्र येणारा बदलांचा संच) गडबड होऊ शकते. शंभरेक नमुने टॅकमॅनने (एकेक मार्कर थेट वाचणारी चाचणी) करून ताडून बघा, नुसत्या इम्प्युटेशन स्कोअरवर जाऊ नका.

वयाचंही बघा. केसला आजार सुरू झाला ते वय, कंट्रोलला शेवटच्या तपासणीचं. कंट्रोल साठीतले असतील तर त्यातले काही उद्याचे रुग्णच. रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया 'अल्झायमर' म्हणून नोंदला गेला असेल तरी ई४ चा परिणाम पातळ होतो.

प्रतिसाद २
पीसींनी इथे काम भागणार नाही. ते अख्ख्या जीनोमची सरासरी सांगतात. प्रश्न १९ व्या गुणसूत्रावरच्या त्या एका तुकड्याचा आहे. एपीओईभोवतीचा भाग आफ्रिकी असेल तर ई४ चा धोका कमी, युरोपीय असेल तर जास्त. युरोपीय तुकड्यावरच्या ई४ चं मेंदूतलं एक्सप्रेशनही (जीन किती चालू आहे ते) जास्त आढळलंय. तेव्हा फेज करा (कोणता बदल कोणत्या प्रतीवर आहे ते वेगळं करा), आरएफमिक्ससारख्या टूलने लोकल ॲन्सेस्ट्री म्हणजे त्या तुकड्याचा वंश काढा (रेफरन्सला योरुबा आणि युरोपीय नमुने चालतील) आणि ई४ × लोकल ॲन्सेस्ट्री ही टर्म मॉडेलमध्ये घाला.

प्रतिसाद ३
आणखी काय बघायचं: एबीसीए७ हा जीन. आफ्रिकन अमेरिकनांत त्यातला आरएस११५५५०६८० सुमारे १.८ ऑड्स रेशो देतो. याच जीनमध्ये ४४ बेसचं डिलीशन (गळालेला तुकडा) आहे, आफ्रिकी वंशात बऱ्यापैकी, युरोपीयांत दुर्मीळ. साध्या ॲरेवर ते दिसत नाही.

दुसरं, एपीओईमधलंच आर१४५सी हे म्युटेशन (आरएस७६९४५५). ते ई३ च्या हॅप्लोटाइपवर बसतं, म्हणून रिपोर्टमध्ये साधा ई३/ई४ दिसतो, पण अशा लोकांत धोका साध्या ई३/ई४ च्या सुमारे तिप्पट निघालाय. ई२/ई३ किंवा ई३/ई३ मध्ये तो परिणाम स्पष्ट नाही.

आणि युरोपीय डेटावर बेतलेला पॉलिजेनिक स्कोअर (अनेक बदलांच्या धोक्याची बेरीज) इथे चिकटवू नका.

धागाकर्ता
त्या तुकड्याची एक प्रत आफ्रिकी, दुसरी युरोपीय, आणि ई४ एकच. अशांना कोणत्या गटात धरू?

प्रतिसाद २
गट करूच नका. फेज केलेल्या डेटात ई४ कोणत्या हॅप्लोटाइपवर आहे ते बघून 'आफ्रिकी ई४' आणि 'युरोपीय ई४' अशा दोन वेगळ्या मोजण्या, प्रत्येकी ०, १ किंवा २. फेजची खात्री नसलेले नमुने वगळून मॉडेल पुन्हा चालवा. आकडा हलला तर दोष फेजिंगमध्ये शोधा.