भरभर चालल्यावर पोटरीऐवजी नडगी का दुखते?

प्रश्न (नागपूर)
गेले तीन आठवडे मी रोज पहाटे फुटाळा तलावाच्या काठाने चालतो. वेग वाढवला की दहा-बारा मिनिटांत नडगीच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू ताठरतो आणि ठणकू लागतो. हळू चाललो तर काहीच होत नाही. शरीर पुढे ढकलण्याचे काम पोटरीचे असेल, तर दुखणे पुढच्या बाजूला का यावे?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट)
पोटरी ढकलते हे खरे, पण तिचा जोर पाऊल उचलण्याच्या बेतात असताना लागतो. एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या काळात पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. नडगीवरचा स्नायू, म्हणजे टिबिॲलिस अँटिरिअर, या दोन्ही टप्प्यांत राबतो. पाय हवेत असताना बोटे अडखळू नयेत म्हणून तो चवडा उचलून धरतो, आणि टाच टेकताच पाऊल थपकन आपटू नये म्हणून तोच ते बेताने खाली उतरवतो. हे उतरवणे म्हणजे विसावा नव्हे. विहिरीत बादली सोडताना दोर हातातून हळूहळू सरकू दिला तरी दंड भरून येतो. हा स्नायूही तसाच, लांबत असतानाच ताण पेलतो. वेग वाढला की टाच जोरात टेकते, चवडा झटपट उचलावा लागतो आणि सवय नसलेला स्नायू लवकर थकतो.

उत्तर २
माझा अनुभव याला जुळतो, फक्त जागा वेगळी. सेमिनरी हिल्सचा उतार उतरल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या मांडीचा पुढचा भाग दुखतो, चढल्यावर मात्र क्वचितच. उतरताना मांडीचा स्नायूही असाच लांबत असताना ताण पेलतो.

प्रश्नकर्ता
काल घरी फरशीवर अनवाणी चालून आवाज ऐकला. फिरून आल्यावर डावे पाऊल ‘थप’ असे पडते, उजवे नाही. तासाभराने दोन्ही सारखीच पडतात.

उत्तर १
तासाभरात आवाज जातो, म्हणजे थकवा असण्याची शक्यता अधिक आहे. दोन आठवडे वेग कमी ठेवा आणि पाऊल थोडे आखूड टाका. तरीही दर वेळी ठरावीक अंतरावर नडगी दगडासारखी घट्ट होत असेल, बधिरपणा येत असेल किंवा विश्रांतीनंतरही डाव्या टाचेवर उभे राहून चवडा उचलता येत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, हाडाला अगदी लगटून जी नस जाते, तीच या स्नायूला चालवते. तासन्‌तास पायावर पाय टाकून बसल्यास ही नस दाबली जाऊ शकते; आपल्याला तशी सवय आहे का, तेही कळवा.