हेक्टरचे बार्न करून हाती काय लागतं?

दशमान:
एकक-रूपांतराच्या तक्त्यांत क्षेत्रफळाखाली एकर, हेक्टर, चौरस मीटर असतात आणि त्यांच्याच रांगेत ‘बार्न’ हे अणुकेंद्रकांच्या भौतिकीतलं एकक बसवलेलं असतं. १ बार्न म्हणजे १० चा उणे २८ वा घात चौरस मीटर. त्यामुळे १ हेक्टर म्हणजे १० चा ३२ वा घात बार्न, आणि १ एकर त्याच्या सुमारे ४० टक्के.

माझ्या मते हे रूपांतर शिकवूच नये. दोन्हींची मिती लांबीचा वर्ग, एवढंच साम्य. ऊर्जा आणि पान्याने बोल्ट आवळताना लागणारं बलाघूर्ण, दोन्ही न्यूटन-मीटरमध्येच येतात, म्हणून पिळाचा जोर कुणी कॅलरीत सांगत नाही. बार्नमध्ये मोजतात तो काटछेद, म्हणजे क्रॉस सेक्शन: येणाऱ्या कणाची केंद्रकाशी गाठ पडण्याची शक्यता, क्षेत्रफळाच्या रूपात सांगितलेली. आणि तो समोरून काय येतंय यावर ठरतो. मंद न्यूट्रॉनने युरेनियम-२३५ फुटण्याचा काटछेद ५८५ बार्नच्या आसपास. न्यूट्रॉनची ऊर्जा १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट झाली की तोच जेमतेम सव्वा बार्न. रानातून कुणी धावत गेलं म्हणून रान आकसत नाही!

सूक्ष्मदर्शी:
साफ असहमत. बार्न हे क्षेत्रफळ म्हणूनच जन्मलं. १९४२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात होलोवे आणि बेकर यांनी हे नाव ठेवलं. बार्न म्हणजे कोठार. अणुकेंद्रकाच्या मानाने हे लक्ष्य कोठाराएवढं मोठं, नेम चुकणं कठीण, हीच त्यामागची कल्पना.

आणि ती नुसती उपमा नाही. सोन्याचा पत्रा घ्या, ०.१ मिलिमीटर जाड, त्याचा १ चौरस सेंटीमीटरचा तुकडा. त्यात सुमारे ५.९ गुणिले १० चा २० वा घात इतके अणू. मंद न्यूट्रॉन पकडण्यासाठी प्रत्येकाचा काटछेद ९९ बार्न. सगळ्यांची बेरीज चौरस सेंटीमीटरमध्ये करा: ०.०५८. म्हणजे त्या तुकड्याचा सहा टक्क्यांहून थोडा कमी भाग ‘झाकलेला’, आणि शंभर न्यूट्रॉन सोडले तर पाच-सहा तिथेच अडकतात. बार्नला चौरस सेंटीमीटरने भागल्याशिवाय हे उत्तर येतच नाही.

मोजणीदार:
माझी तक्रार वेगळी आहे. मी जमीन मोजतो. १०० मीटर बाजूच्या चौरसात एक बाजू मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली तर क्षेत्र ०.१ चौरस मीटरने बदलतं, म्हणजे १० चा २७ वा घात बार्न. मग हेक्टरचं उत्तर बार्नमध्ये पंधरा अंकांपर्यंत लिहिणं म्हणजे न मोजलेलं मोजलं असं सांगणं. त्यात एकरही एक नाही. अमेरिकेतला सर्व्हे फुटावरचा एकर आंतरराष्ट्रीय एकरापेक्षा सुमारे १६२ चौरस सेंटीमीटरने मोठा, पोस्टकार्डाएवढा. तो फूट २०२२ अखेर बाद केला, तरी जुने नकाशे त्यातच आहेत. कोणता एकर ते न सांगता बार्न कसले काढता?

दशमान:
मोजणीदार, अगदी बरोबर. सूक्ष्मदर्शी, सोन्याचा हिशेब मान्य, पण ‘झाकलेला’ हा शब्द झेनॉन-१३५ पुढे टिकत नाही. त्याच्या केंद्रकाचा खरा आडवा छेद एक बार्नहून जरासाच जास्त, आणि मंद न्यूट्रॉनसाठी काटछेद सुमारे २६ लाख बार्न! हे क्षेत्रफळ त्या केंद्रकाचं कसं म्हणायचं? आणि तुमच्या हिशेबात चौरस सेंटीमीटर आला, हेक्टर कुठे आला?

सूक्ष्मदर्शी:
झेनॉनचा मुद्दा खरा आहे. न्यूट्रॉन हा छर्रा नाही, मंद असला की त्याची तरंगलांबी केंद्रकाच्या कितीतरी पट मोठी असते. म्हणून तर ‘परिणामी क्षेत्रफळ’ म्हणायचं.

हेक्टर हवाय ना? घ्या. १ हेक्टर जमीन, १ मीटर खोल माती, वजन अंदाजे १५,००० टन. त्यात इलेक्ट्रॉन साधारण ४.५ गुणिले १० चा ३३ वा घात. सूर्याच्या न्यूट्रिनोसाठी (पदार्थातून बहुतेक वेळा न अडता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) प्रत्येकाचा काटछेद ढोबळमानाने १० चा उणे २१ वा घात बार्न. सगळे मिळून ४.५ लाख कोटी बार्न. आता जमिनीचे बार्न करा: १० चा ३२ वा घात. दोन्हींचं गुणोत्तर ४.५ गुणिले १० चा उणे २० वा घात. सूर्याकडून दर चौरस सेंटीमीटरला सेकंदाला सुमारे ६५ अब्ज न्यूट्रिनो येतात, म्हणजे हेक्टरवर ६.५ गुणिले १० चा १८ वा घात. गुणाकार केला की साधारण ०.३. पायाखालच्या त्या हेक्टरात दर तीन-चार सेकंदांनी सूर्याचा एक न्यूट्रिनो एखाद्या इलेक्ट्रॉनला धडकतो. इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगात १०० टन द्रवामागे अशा टकरा रोज शंभराहून जास्त मोजल्या गेल्या. त्या प्रमाणात १५,००० टनांचा हिशेब करून बघा, जुळतो. हेक्टर आणि बार्न एकाच अपूर्णांकात वरखाली बसले की नाही?

मोजणीदार:
हा हिशेब आवडला. इथे ‘साधारण’ हा शब्द प्रामाणिकपणे लिहिलाय, म्हणून.

दशमान:
मलाही आवडला, वर्गात घेईन. पण मातीची खोली तुम्ही १ मीटर धरलीत. २ मीटर धरली तर बार्नची बेरीज दुप्पट होते, आणि हेक्टर हेक्टरच राहतो.