चर्चा : पाटी १९४५ ची, फलक १९४४ चा. मग हा ट्रक नेमका कुठला?

जुनी_चेसी (धागाकर्ता)
नॉर्मंडीतल्या एका संग्रहात मांडलेल्या जीएमसी ट्रकचे फोटो पाहिले. सीसीकेडब्ल्यू मॉडेल, अडीच टनी, दहा टायरांचा, सगळ्या ॲक्सलना ड्राइव्ह असलेला. काम देखणं झालंय, वादच नाही. समोर फलक : ‘रेड बॉल एक्स्प्रेसमध्ये धावलेला ट्रक, १९४४’. आता डॅशबोर्डवरच्या पाटीचा फोटो मोठा करून बघा. डिलिव्हरीची तारीख मार्च १९४५! रेड बॉल म्हणजे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये आघाडीवर माल पोचवणारी अमेरिकन सैन्याची ट्रक-मोहीम; ती चालली २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४. कारखान्यातून निघायच्या आधीच साहेब फ्रान्समध्ये माल वाहून आले म्हणायचे. फलक उतरवावा, असं माझं स्पष्ट मत.

स्पॅनरबहाद्दर
पाटीवर कसला विश्वास ठेवता राव? कोऱ्या पाट्या आजही नव्या बनवून विकतात. पंचचा सेट आणि हातोडी असली की हवी ती तारीख ठोका. पाटी म्हणजे चार स्क्रूंचा मामला. ट्रकची ओळख चेसीवर ठोकलेल्या नंबरात असते. तो वाचलात का?

जुनी_चेसी
चेसीचा तो भाग एका फोटोत आहे, पण रंगाचा थर इतका जाड की आकडे लागत नाहीत. मात्र एक सांगा : ज्याला खोटी पाटी लावायची आहे तो स्वतःच्याच फलकाला खोटं पाडणारी तारीख कशाला ठोकेल? म्हणून मला पाटी खरी वाटते. शिवाय तिच्यावर कंपनीचं नाव जीएमसी आहे. अमेरिकेतल्या पॉन्टिॲकचा हा ट्रक-कारखाना आधी यलो ट्रक अँड कोच या नावाने चालायचा, १९४३ मध्ये जनरल मोटर्सने तो पूर्ण आपल्याकडे घेतला. म्हणजे नाव आणि तारीख एकमेकांना धरून आहेत.

स्पॅनरबहाद्दर
पाटी खरी असेलही. ती *याच* ट्रकची आहे हे कुठे सिद्ध झालं? जरा खाली वाका. पुढच्या ॲक्सलचं कवच दोन अर्ध्या भागांचं, मधोमध बोल्टांची उभी रांग. म्हणजे टिमकेनचा स्प्लिट ॲक्सल. मागचे दोन्ही बॅन्जो, मागे गोल गुळगुळीत झाकण असलेले. कारखान्यातून ट्रक निघायचा तो तिन्ही स्प्लिट नाहीतर तिन्ही बॅन्जो घेऊन. असा मिसळीचा कारभार दुरुस्ती डेपोतच होतो. युद्धानंतर यातले ढीगभर ट्रक फ्रेंच सैन्याकडे गेले, काही इंडोचायना आणि अल्जीरियापर्यंत पोचले. डेपोत ते पार चेसीपर्यंत उघडायचे. इंजिन एकाचं, केबिन दुसऱ्याचं, जे हाताला लागेल ते बसवायचं. पाटीसकट डॅशबोर्ड तिसऱ्याच ट्रकचा असू शकतो. चेसी १९४३ ची निघाली तर तुमचा अख्खा धागा आडवा.

नकाशेवाला
दोघंही नटबोल्टात अडकलात. रेड बॉल मोहिमेत ऐन भरात एका दिवशी ५,९५८ गाड्या रस्त्यावर होत्या. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय, तेही वर्णानुसार वेगळ्या ठेवलेल्या तुकड्यांतले. अडीच टनी ट्रकवर दुप्पट माल लादायचे, ताशी २५ मैलांची मर्यादा असताना गव्हर्नर, म्हणजे वेगाला लगाम घालणारा भाग, काढून पळवायचे. प्रदर्शनात येणाऱ्या माणसाला हे कळायला एक ट्रक डोळ्यांसमोर लागतो. ॲक्सल कुठला, हे त्याला काय करायचंय?

जुनी_चेसी
अहो, तर मग ‘या प्रकारचे ट्रक रेड बॉलमध्ये धावले’ असं लिहा. ते शंभर टक्के खरं आहे. ‘हाच ट्रक धावला’ कशासाठी? त्या चालकांची कष्टाची गोष्ट सांगायची आणि तीही खोट्या साक्षीदाराच्या तोंडून?

नकाशेवाला
साक्षीदार खोटा आहे हे अजून ठरायचंय, वर स्पॅनरबहाद्दर तेच तर सांगतायत. संशयाचा फायदा ट्रकला द्या.

स्पॅनरबहाद्दर
नकाशेवाले, माझं नाव नका पुढे करू. मी पाटीच्या विरोधात आहे, फलकाच्या बाजूने नाही. आणि बंपरवरचे आकडे बघितलेत का? डावीकडे वरिष्ठ दल आणि युनिट, उजवीकडे कंपनी आणि गाडीचा क्रमांक, सगळं कोरं करकरीत. जुन्या फोटोतून उतरवलेलं दिसतंय. वर केबिनवर मशीनगन बसवायची गोल कडी. साधारण चारांतल्या एका ट्रकवर ती असायची. प्रदर्शनांत चारांतल्या चारांवर असते!

ओला_पॉलिशपेपर
मला वेगळाच राग आहे. बॉनेटच्या बाजूला अमेरिकन सैन्याचा नोंदणी क्रमांक असायचा, या वर्गाच्या ट्रकांचा ४ ने सुरू होणारा. सुरुवातीला मळकट निळ्या रंगात, नंतर पांढऱ्यात. पाणी लावून बारीक पेपरने हळूहळू घासत गेलं की आधी फ्रेंच हिरवा निघतो, मग ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे अमेरिकन सैन्याचा मळकट हिरवा, आणि नशीब असेल तर त्यात अस्पष्ट आकडे. या ट्रकच्या कामाचे जे फोटो दिलेत त्यात बॉनेट सरळ सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूचा मारा करून, चकाचक पत्रा केलाय. ट्रक कुठून आला हे सांगू शकणारी सगळ्यात चांगली जागा दहा मिनिटांत उडवली आणि त्यावर ‘१९४४’ रंगवलं. इथे पाटी की चेसी म्हणून भांडताय ते त्यामुळेच.

स्पॅनरबहाद्दर
गंजाला काय करणार मग? आत कुजलेला पत्रा जपून ठेवून ट्रक चालत नाही.

ओला_पॉलिशपेपर
गंज दाराच्या तळाला आणि केबिनच्या फरशीत होता, तुम्हीच फोटो बघा. बॉनेट धड होतं. आणि ब्लास्ट करायचंच तर आधी कोपरा न कोपरा फोटोत धरायचा, त्याला किती वेळ लागतो?

जुनी_चेसी
संग्रहाला लिहितोय : चेसीच्या नंबरावरचा तेवढाच रंग काढून फोटो पाठवा. नंबर १९४३-४४ चा निघाला तर पाटीबद्दल माझं म्हणणं मागे. फलकाबद्दलचं नाही.

नकाशेवाला
म्हणजे काहीही निघालं तरी फलक उतरवायचाच! मग नंबर कशाला मागताय?