'टायकून' म्हणजे नक्की कोण?

पेपरात 'स्टील टायकून', 'रिअल इस्टेट टायकून' असं सारखं वाचतो. शब्द जपानी आहे एवढंच ठाऊक आहे. मूळ अर्थ काय? आणि मराठीत काय म्हणावं? 'उद्योगपती' फार मिळमिळीत वाटतो.

>> मूळ अर्थ काय?

ताइ म्हणजे मोठा, कुन म्हणजे स्वामी. ॲनिमे बघणारी पोरं एकमेकांच्या नावापुढे 'कुन' लावतात ना, ते हेच अक्षर. पण ताइकुन कुणी शेठजी नव्हता, खुद्द शोगुन होता, म्हणजे सम्राटाच्या नावानं जपानचा कारभार हाकणारा लष्करी सत्ताधीश. आणि शोगुनला ही पदवी चिकटली ती त्सुशिमाच्या सो घराण्याच्या लबाडीमुळे.

त्सुशिमा हे जपान आणि कोरियाच्या मधलं बेट. बुसान जेमतेम 50 किलोमीटरवर. सगळा डोंगर, भातशेती नावापुरती, त्यामुळे तिथल्या सत्ताधारी सो मंडळींचं पोट कोरियाच्या व्यापारावर. 1443 च्या करारानं त्यांना वर्षाला 50 जहाजं पाठवता यायची. 1592 मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी यानं कोरियावर स्वारी केली आणि सो योशितोशीला आघाडीवर जावं लागलं. गिऱ्हाइकाच्याच घरावर दरोडा! व्यापार अर्थातच बसला.

लढाई संपल्यावर कोरियानं अट घातली : आधी 'जपानचा राजा' अशा सहीचं पत्र आणा. हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेला तोकुगावा इएयासु असं पत्र देणं शक्य नव्हतं. मग 1606 मध्ये सो मंडळींनी ते स्वतःच लिहिलं. 1607 मध्ये कोरियाचे वकील त्याचं 'उत्तर' घेऊन आले. आता एदोत, म्हणजे शोगुनच्या राजधानीत (आजचं टोकियो), कुणी विचारलं असतं, कसलं उत्तर? म्हणून वाटेत तेही पत्र बदललं. पुढची पंचवीसेक वर्षं हे असंच चाललं.

>> शोगुननं 'राजा' म्हणवून घ्यायला हरकत काय होती?

क्योतोत सम्राट बसलेला होता. साताऱ्याला छत्रपती असताना पेशव्यांनी परमुलखात पत्र धाडून खाली 'राजा' म्हणून सही केली असती तर? शिवाय त्या भागात 'राजा' ही पदवी चीनचा सम्राट द्यायचा, म्हणजे मांडलिकपण आलंच.

>> मग पकडले कसे गेले?

घरभेद्यामुळे. यानागावा शिगेओकी या कारभाऱ्याचं मालकाशी फाटलं आणि त्यानं सगळं एदोत सांगितलं. 1635 मध्ये शोगुन इएमित्सुनं निवाडा केला : मालक सो योशिनारी सुटला, तक्रार करणारा उत्तरेला त्सुगारूत हद्दपार! माझ्या मते हिशेब साधा होता, कोरियाशी बोलणी सांभाळणारं दुसरं घराणं होतं कुठे? मात्र पत्रांवर नजर ठेवायला क्योतोचे झेन भिक्षू त्सुशिमात आणून बसवले. आणि 1636 पासून कोरियाची पत्रं 'ताइकुन'च्या नावे येऊ लागली. राजाही नाही, सम्राटही नाही.

>> कोरियात चाललं का हे?

चाललं. गंमत म्हणजे तिथे हीच अक्षरं राणीच्या पोटच्या राजपुत्राला लावत. हे खटकल्यामुळे शोगुनचा सल्लागार आराइ हाकुसेकी यानं 1711 मध्ये 'राजा' परत आणलं, पण 1719 ला पुन्हा ताइकुनच.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन जपानला पोचले आणि शब्द घरी घेऊन गेले. लिंकनचे चिटणीस त्याला आपसात 'टायकून' म्हणत. धनाढ्यांना तो चिकटला त्यानंतर, विसाव्या शतकात.

>> मराठीत काय म्हणावं?

साखरसम्राट, शिक्षणसम्राट आहेत की! तसंच स्टीलसम्राट.

>> स्टीलसम्राट

अहो, सम्राट म्हणायचं टाळायलाच तर तो शब्द आला! आणि आपल्याकडच्या 'सम्राटा'त टोमणा असतो. टोमणा मारायचा नसेल तर 'बडा उद्योगपती' लिहा की सरळ.