सेमिनारला रोल नंबर पुकारून उभं करावं का?

शिवाजी_पेठ
पोरं घाबरतात म्हणून सेमिनार ऐच्छिक करा, अशी मागणी अधूनमधून होते. माझा ठाम विरोध. ऐच्छिक केला की पुढे येणारी तोंडं तीच पाच-सहा, आणि बाकीच्यांना थेट नोकरीच्या मुलाखतीत घाम. बोलणं टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच पुढच्या वेळी टाळायला शिकवतं. उभं राहिल्यावर धडधड सुरुवातीला सगळ्यात जास्त असते, मग उतरते. ती उतरेपर्यंत पोराला तिथं थांबवणं हे शिक्षकाचं काम. रोल नंबर पुकारा, प्रत्येकी 5 मिनिटं, सत्रात दोनदा, मार्क लावून.

राजारामपुरी_समुपदेशन
टाळण्याबद्दल सर अगदी बरोबर बोललात. पण सत्रात दोनदा म्हणजे मधे दोन-अडीच महिने. तोवर उतरलेली भीती पुन्हा जागेवर. नंबर कधी येईल ते माहीत नसलं की मूल तासभर स्वतःचा नंबर मोजत बसतं, समोरचं काही ऐकत नाही. तारीख आधी सांगा आणि पायऱ्या करा. शेजाऱ्याला एक मिनिट सांगणं, मग चौघांत, मग जागेवर उभं राहून दोन मिनिटं. फळ्याजवळ सगळ्यात शेवटी. भीती 0 ते 10 मध्ये किती, हे मुलानंच वहीत लिहायचं. आकडा निम्म्यावर आला तर वरची पायरी, नाहीतर तीच परत.

बिघडतं ते पाठांतरात. भाषण घोकलेलं मूल एक शब्द विसरलं की पुढचं सगळं जातं, कारण त्याला वाक्यांची रांग पाठ असते, मुद्दे नसतात. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच शब्द, बस्स. स्लाइडवर सगळा मजकूर आणि वर्गाकडे पाठ, हाही तसलाच प्रकार. वेळ निभते, पण डोक्यात बसतं की स्लाइड होती म्हणून वाचलो.

शिवाजी_पेठ
मॅडम, वर्गात 60 पोरं, तास 48 मिनिटांचा. या पायऱ्या चढत बसलो तर सिलॅबस कोण संपवणार?

उद्यमनगर
भावा, एकेकाला कशाला उभं करायचं? 60 चे 15 गट पाडा, सगळे एकदमच बोलू देत. एकेक मिनिट धरलं तर 4 मिनिटांत अख्खा वर्ग बोलून मोकळा. गोंगाट होतोय, होऊ दे की! बुजऱ्या पोराला त्यात बरंच पडतं. तुमच्या हिशेबानं एका फेरीला 300 मिनिटं, म्हणजे 48 मिनिटांचे सात तास. सिलॅबस कोण खातंय बघा.

चंदगडकर
सगळेच ‘घाबरणारा’ हा एकच प्रकार धरून चाललाय. आधी मोजा. जेम्स मॅकक्रॉस्की यांची पीआरसीए-24 प्रश्नावली आहे: गटचर्चा, बैठक, दोघांतलं बोलणं आणि भाषण, प्रत्येकी 6 विधानं. एकूण गुण 24 ते 120. 80 च्या वर म्हणजे भीती जास्त. यातली निम्मी विधानं ‘मला बोलताना निवांत वाटतं’ अशा धाटणीची असतात, त्यांचे गुण वजा करायचे असतात. सरसकट बेरीज मारली की भित्रा आणि धीट दोघंही मधोमध येतात. शिवाय एखाद्याचा फक्त भाषणाचा भाग चढा निघाला, तर त्याला शेजाऱ्याशी बोलायची पायरी देऊन उपयोग काय?

इंग्रजीची भीती आणखी वेगळी. परकी भाषा वर्गात वापरण्याच्या भीतीसाठी हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये 33 विधानांची स्वतंत्र मोजपट्टी केली. पहिली फेरी मराठीत घ्या. विषय अडतोय की भाषा, ते तिथंच कळतं.

ताराबाई_पार्क
‘घाबरू नको, शांत हो’ हे सांगणं आधी बंद करा. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या 2014 च्या प्रयोगांत ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. धडधडीला थांबवणं अवघड, तिला वेगळं नाव देणं सोपं. शिवाय आपली घबराट आपल्याला वाटते तितकी समोरच्याला दिसत नाही. सविट्स्की आणि गिलोविच यांनी 2003 मध्ये दाखवलं की एवढं आधी समजावून सांगितलं तरी बोलणं सुधारतं.

चंदगडकर
घबराट दिसत नसेल ताई, पण बोली ऐकू येते. चंदगडी हेल निघाला की मागच्या बाकावर खसखस पिकते. तो काय त्या पोराचा भास असतो?

राजारामपुरी_समुपदेशन
भास नाहीच. म्हणून ऐकणाऱ्यांना काम द्या: प्रत्येकानं चिठ्ठीवर वक्त्यासाठी एक प्रश्न लिहायचा, मार्क त्यालाही. हात लिहिण्यात गुंतले की हसणं निम्मं होतं. उरलेलं शिक्षकानं त्याच क्षणी थांबवायचं, तास संपल्यावर नाही.

शिवाजी_पेठ
बरं, नंबर पुकारणं सोडलं, तारीख आधी सांगू. मार्क मात्र राहणार.

राजारामपुरी_समुपदेशन
राहू द्यात. 10 पैकी 6 वेळ पूर्ण करण्याला, 4 मुद्द्यांना, उच्चाराला शून्य.

शिवाजी_पेठ
इंग्रजीच्या सेमिनारला उच्चाराला शून्य? हे नाही पटत.